द्राक्षबागेतले लोरा नोड पानं भरल्यावर पॅकेट गाळताहेत: पॉवर वाढवू की एसएफ?

मोहाडी_नोड२४

दिंडोरी तालुक्यात एका बागाईतदाराच्या तुकड्या-तुकड्यांत विखुरलेल्या बागांत २४ लोरा नोड (लांब पल्ल्याच्या, कमी विजेच्या रेडिओवर माहिती पाठवणारे सेन्सरचे डबे) लावले आहेत. पानांचा ओलावा, तापमान आणि आर्द्रता मोजायची, डाउनी-भुरी या बुरशीच्या रोगांच्या अंदाजासाठी. एम.ई.च्या प्रकल्पाचं काम आहे, त्यामुळे नुसतं चालून भागणार नाही, आकडे मांडावे लागतील.

मांडणी अशी: एसएक्स १२७६ हे रेडिओ मॉड्यूल, ८६५.०६२५ मेगाहर्ट्झ, एसएफ (स्प्रेडिंग फॅक्टर: मोठा केला की पल्ला वाढतो, पण पॅकेटला वेळ जास्त लागतो) ७, बँडविड्थ १२५ किलोहर्ट्झ, कोडिंग ४/५, पॉवर १४ डीबीएम, पॅकेट २० बाइटचं, दर १० मिनिटांनी एक. लोरावॅन (लोराचं प्रमाणित नेटवर्क) नाही, साधा आमचाच प्रोटोकॉल. प्रत्येक नोडवर डीएस ३२३१ घड्याळ आहे आणि नोडला २ सेकंदांचा स्लॉट दिलाय, म्हणजे नोड १ शून्याव्या सेकंदाला, नोड २ दुसऱ्या, असं. डबा वाय आकाराच्या मांडवाच्या अँगलला दीड मीटरवर बांधलाय, स्प्रिंग अँटेना डब्यातच. रिसीव्हर शेतघराच्या गच्चीवर, जमिनीपासून ६ मीटर, ५ डीबीआयचा फायबरग्लास अँटेना, मधे ८ मीटर आरजी ५८ केबल. सगळ्यात लांबचा नोड १.४ किलोमीटरवर.

ऑक्टोबर छाटणीनंतर लावलं तेव्हा सगळं झकास होतं, लांबच्या नोडचाही आरएसएसआय (पोचलेल्या सिग्नलची ताकद, डीबीएममध्ये) उणे १०० च्या आसपास. आता बाग भरलीय आणि तीन तक्रारी आहेत.

१) लांबचे सात नोड ४० ते ६० टक्के पॅकेट गाळतात. पहाटे ४ ते ८ सगळ्यात वाईट. गंमत म्हणजे डॅशबोर्डवरचा सरासरी आरएसएसआय महिनाभर उणे ११८ लाच चिकटलाय.
२) अडीचशे मीटरवरचे तीन नोडसुद्धा दिवसातले काही तास पॅकेट गाळतात. त्या वेळी आलेल्या पॅकेटचा आरएसएसआय उणे ९७ आणि एसएनआर (सिग्नल गोंगाटापेक्षा किती डीबी वर) उणे ५ दिसतो. एरवी याच नोडचा एसएनआर अधिक ९.
३) मधेच एखादा नोड, परवा १७ नंबर, दिवसभर गायब होतो आणि दुसऱ्या दिवशी आपोआप परत येतो.

विचार आहे की सरळ २० डीबीएम आणि एसएफ १२ करून टाकावं. करू का?

डीबीवाला

थांबा. या तीन तक्रारींची तीन वेगळी कारणं आहेत, आणि एसएफ १२ ने त्यातली तिसरी जास्तच चिघळेल.

आधी तो चिकटलेला आरएसएसआय. तुम्ही सरासरी काढताय ती पोचलेल्या पॅकेटांची. जे पोचलंच नाही त्याचा आरएसएसआय कुठे नोंदला गेलाय? परीक्षेत पास झालेल्यांचीच सरासरी काढून वर्ग हुशार ठरवण्यातली गत. हिशोब करून बघा. एसएफ ७ ची मर्यादा अंदाजे उणे १२३ डीबीएम धरा, चढउताराचं प्रमाणित विचलन ६ डीबी. ४० टक्के पॅकेट गळत असतील तर खरी सरासरी उणे १२१.५ असते, पण पोचलेल्यांची सरासरी दिसते उणे ११७.६. गळती ६० टक्क्यांवर गेली की खरी सरासरी उणे १२४.५ होते आणि दिसणारी उणे ११८.७. सिग्नल ३ डीबीने पडला, डॅशबोर्डला १ डीबी कळला.

भरीला दुसरी एक गोम. एसएनआर शून्याच्या खाली गेला की एसएक्स १२७६ चा कच्चा आरएसएसआय सिग्नलपेक्षा गोंगाटच जास्त मोजतो. डेटाशीटनुसार तेव्हा खरी पातळी काढायला उणे १५७ मध्ये रजिस्टरचा आकडा आणि एसएनआर दोन्ही मिळवायचे असतात. काही लायब्ऱ्या (मॉड्यूल चालवणारा तयार कोड) हे करतात, काही करत नाहीत. तुमची करत नसेल तर आकडा उणे ११७ च्या फारसा खाली जाणारच नाही: १२५ किलोहर्ट्झला औष्णिक गोंगाट उणे १२३, त्यात रिसीव्हरचे ६ डीबी, झाले उणे ११७. कोड उघडून ती एक ओळ बघाच.

उपाय: पॅकेटमध्ये अनुक्रमांक घाला, दोन बाइट पुरतात. गळालेलं प्रत्येक पॅकेट 'मर्यादेच्या खाली' असं मोजा आणि सरासरीऐवजी मध्यक घ्या. गळती ५० टक्क्यांच्या आत असेपर्यंत मध्यक खरा निघतो. प्रबंधात पाथ लॉसचं (अंतरानुसार सिग्नल किती घटतो त्याचं) समीकरण बसवणार असाल तर साधं लीस्ट स्क्वेअर वापरू नका, सेन्सॉर्ड मॅक्सिमम लाइकलीहुड (मर्यादेखाली गळालेल्या नोंदीही हिशोबात धरणारी पद्धत) लावा. नाहीतर अंतराचा घातांक कमी येईल आणि परीक्षकाने नेमकं तिथेच बोट ठेवलं तर उत्तर नसेल.

आता मुख्य दुखणं: उंची. दीड मीटर आणि ६ मीटर उंचीला जमिनीवरून परावर्तित झालेला किरण सुमारे १०४ मीटरपुढे खेळ बिघडवतो (४ गुणिले दोन्ही उंच्या, भागिले तरंगलांबी ०.३४७ मीटर). त्यापुढे अंतर दुप्पट झालं की ६ नाही, १२ डीबी जातात. १.४ किलोमीटरला मोकळ्या अवकाशातला लॉस ९४ डीबी, पण तुमच्या उंचीला तो १०७. पानं यायच्या आधीच १३ डीबी हातचे गेलेत. त्यावर कॅनोपी, म्हणजे वेलींच्या पानांचं छत. तुमच्याच आकड्यांवरून उणे १०० चं उणे १२१ झालं, म्हणजे पानांनी सुमारे २० डीबी खाल्ले.

हे २० डीबी १.४ किलोमीटर पानांतून जाऊन झालेले नाहीत हेही लक्षात घ्या. कुणी झाडीतल्या लॉसचं वाइसबर्गरचं सूत्र घेऊन अख्खं अंतर त्यात घालतं, पण ते ४०० मीटरपर्यंतच्या झाडीसाठी आहे आणि ४०० मीटरलाच ४३ डीबी देतं. प्रत्यक्षात सिग्नल नोडजवळच्या पानांतून वर निघतो आणि मग कॅनोपीच्या डोक्यावरून जातो. नुकसान मुख्यतः नोडच्या टोकाला होतं. म्हणून इलाजही तिथेच. अँटेना डब्याबाहेर काढा, कॅनोपीच्या किमान एक मीटर वर न्या. वायची बाग साधारण दोन मीटरला संपते, म्हणजे ३ मीटरचा जीआय पाइप. सेन्सर पानांतच राहू द्या, वर फक्त अँटेना. डबाही पाइपावरच चढवला तर केबल लागत नाही, सेन्सरची वायर लांबवा. पातळ आरजी १७४ केबल मीटरला जवळपास १ डीबी खाते.

नोड दीडवरून ३ मीटर: ६ डीबी. रिसीव्हर ६ वरून १२ मीटर: आणखी ६. पानांतले बरेचसे २० परत. एवढं झाल्यावर एसएफ ७ ला हात लावायचीही गरज राहू नये, तरी फळ धरल्यावरच्या दिवसांसाठी एसएफ ९ ठेवा, ५ डीबी मिळतात.

पहाटेचं कारण दव. ८६५ मेगाहर्ट्झला पाऊस स्वतः काही करत नाही, ओली पानं करतात.

मालेगाव_स्टँड

एवढी उंची-बिंची नको असेल तर एसएफ १२ का नको? एसएफ ७ उणे ७.५ एसएनआरला सोडून देतो, एसएफ १२ उणे २० पर्यंत तग धरतो. साडेबारा डीबी फुकट, एक पाइपही न उभारता. वर २० डीबीएम केलं तर आणखी ६. २४ पाइप, क्लॅम्प, मजुरी, कोण करणार?

डीबीवाला

फुकट नाही हो, वेळेत मोजावे लागतात. २० बाइटचं पॅकेट एसएफ ७ ला ५७ मिलिसेकंद हवेत असतं, एसएफ ९ ला १८५, एसएफ १२ ला १३१९. हेच तक्रार क्रमांक ३ ला भिडतं.

डीएस ३२३१ ची अचूकता अधिक-उणे २ पीपीएम (दहा लाखांत दोन). म्हणजे दिवसाला ०.१७ सेकंद, महिन्याला ५ सेकंदांपर्यंत. स्लॉट २ सेकंदांचा आणि घड्याळं ऑक्टोबरपासून कुणी जुळवलेली नाहीत. एक पुढे सरकतंय, शेजारचं मागे. कधीतरी दोन नोड एकमेकांवर येणारच. दोघांतला फरक दिवसाला ०.१ सेकंद धरला तर ५७ मिलिसेकंदांची दोन पॅकेटं एकमेकांना ओलांडायला एक दिवसाहून थोडा जास्त वेळ घेतात. जवळचा जोरदार नोड जिंकतो, लांबचा दिवसभर गायब, मग आपोआप परत. तुमचा १७ नंबर तोच असणार. त्या दिवसाच्या नोंदीत १६ किंवा १८ चं पॅकेट कितव्या सेकंदाला आलं ते रिसीव्हरच्या घड्याळाशी ताडून बघा.

आता हीच टक्कर एसएफ १२ ला बघा: ओलांडायला २.६ सेकंद, दिवसाला ०.१ प्रमाणे २६ दिवस. एक दिवस हरवणारा नोड महिनाभर हरवेल.

दोन इलाज आहेत. एक, रिसीव्हरने दिवसातून एकदा वेळ पाठवायची आणि नोडने ठरल्या वेळी दोन सेकंद कान उघडे ठेवायचे. दोन, स्लॉट सोडून द्या आणि प्रत्येक पॅकेट त्या १० मिनिटांत कुठेही यादृच्छिक वेळी पाठवा. २४ नोड, एसएफ ९, तर टक्कर सुमारे दीड टक्का. एसएफ १२ असेल तर तीच १० टक्क्यांवर जाते. मी दुसरा घेईन, घड्याळ जुळवायची झंझट नाही.

एसएफ ११-१२ लावलंच तर लो डेटा रेट ऑप्टिमाइझ हे मॉड्यूलचं सेटिंग दोन्हीकडे चालू हवं. एका टोकाला चालू आणि दुसऱ्याला बंद असेल तर एकही पॅकेट उलगडत नाही आणि माणूस अँटेना बदलत बसतो.

अर्धी_तरंगलांबी

दोन नंबरच्या तक्रारीवर लिहितो, ती रिसीव्हरची आहे. आरएसएसआय उणे ९७ आणि एसएनआर उणे ५ म्हणजे तुमच्या रिसीव्हरभोवतीचा गोंगाट उणे ९८ च्या आसपास चढलाय. असायला हवा उणे ११७. जवळजवळ २० डीबीने बहिरा झालाय. त्या तासांत लांबच्या नोडांची गळती ६० नाही, १०० टक्के असणार; दिवसभराच्या टक्केवारीत ती लपून जाते. तासावार काढा.

हे तास कोणते? रोज तेच, की दर आठवड्याला सरकतात? शेतीच्या थ्री फेजची दिवसपाळी-रातपाळी बदलते तसे सरकत असतील तर संशयित सापडला असं समजा.

शोधायचा क्रम:
वाईट तास चालू असताना रिसीव्हर अ‍ॅडॉप्टरवरून काढून पॉवर बँकेवर टाका. गोंगाट उतरला तर अ‍ॅडॉप्टर दोषी. नाही उतरला तर अँटेना काढून तिथे ५० ओहमचा डमी लोड (अँटेनाऐवजी लावायचा नुसता रोध) लावा. तरीही उणे ९८ च राहिला तर गोंगाट डब्याच्या आतून येतोय, बहुधा शेजारच्या बोर्डाच्या बक कन्व्हर्टरमधून (व्होल्टेज उतरवणाऱ्या सर्किटमधून). उणे ११७ ला आला तर अँटेनातून येतोय. मग आरटीएल-एसडीआर (संगणकावर स्पेक्ट्रम दाखवणारा स्वस्त यूएसबी रिसीव्हर) लावून ८६० ते ८७५ मेगाहर्ट्झ बघा आणि गच्चीवरची एकेक वस्तू बंद करत जा.

एसडीआरवर ८६९ च्या पुढे सपाट पठारासारखं काही दिसलं तर तो मोबाइल टॉवर. मोबाइलच्या बँड ५ चा डाउनलिंक (टॉवरकडून फोनकडे) ८६९ पासून सुरू होतो, म्हणजे आपल्या पट्ट्याला खेटूनच. टॉवर दोनतीनशे मीटरवर असेल तर रिसीव्हर दिवसरात्र दबतो. साधा सॉ फिल्टर इतक्या जवळ पुरेसा कापत नाही, कॅव्हिटी फिल्टर लागतो, आणि तोही ८६५ कडचं चॅनेल वापरत असाल तरच नीट काम करतो. तुम्ही ८६५.०६२५ वर आहात ते बरं आहे. पण तुमचा गोंगाट येतोजातो, म्हणून टॉवरवर माझा संशय कमी.

कादवाकाठ

नियमाचं एक. लायसन्सशिवायचा पट्टा आधी ८६५ ते ८६७ होता, २०२१ च्या नियमांनी ८६८ पर्यंत झाला. ट्रान्समीटर १ वॉट, ईआरपी (अँटेनासकट बाहेर पडणारी परिणामी शक्ती) ४ वॉट, कॅरियर बँडविड्थ २०० किलोहर्ट्झ. म्हणजे लोराची १२५ चालते, 'स्पीड वाढवू' म्हणून २५० केली की नियमाबाहेर. उदाहरणाच्या कोडात ८६८.१ किंवा ९१५ तसंच राहिलेलं बऱ्याच ठिकाणी दिसतं. ८६८.१ आपल्या पट्ट्याबाहेर आणि ९१५ मोबाइलच्या अपलिंकच्या (फोनकडून टॉवरकडे) काठावर. तुमचं बरोबर आहे, इतर वाचणाऱ्यांसाठी लिहिलं.

आणि २० डीबीएम करण्याआधी वीज बघा. एसएक्स १२७६ २० डीबीएमला १२० मिलिअँपिअर ओढतो, १७ ला ८७. डेटाशीट २० डीबीएमला १ टक्का ड्युटी सायकलचीच (एकूण वेळेपैकी पाठवण्याच्या वेळेची) मुभा देतं, तुम्ही त्यात बसता. पण बोर्डवर एएमएस १११७ रेग्युलेटर आणि मागे १८६५० लिथियम सेल असेल तर घात. त्या रेग्युलेटरला स्वतःलाच १ व्होल्टहून जास्त लागतो, ३.७ मधून ३.३ कुठून काढणार? पॉवर वाढवली की पाठवताना व्होल्टेज कोसळतं, प्रोसेसर रीसेट होतो आणि बाहेरून ते 'रेंज गेली' असंच दिसतं. थंडीत बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो, मग निफाड-दिंडोरीच्या पहाटे हे आधी होतं. त्यामुळे तुमच्या पहाटेच्या गळतीचं सगळं खापर दवावर फोडू नका. पॅकेटमध्ये रीसेटची मोजणी पाठवा, एक बाइट. कमी व्होल्टेज खाणारा एमसीपी १७०० रेग्युलेटर लावा, किंवा सरळ लिथियम आयर्न फॉस्फेट सेल रेग्युलेटरशिवाय जोडा, भरलेला ३.६५ व्होल्ट असतो आणि चिप ३.७ पर्यंत सहन करते. बोर्डवर त्याच रेषेवर दुसरं काही असेल तर त्याची मर्यादा आधी तपासा. मॉड्यूलच्या पायाशी ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर.

मोहाडी_नोड२४

सगळ्यांचे आभार. मोजून आलो.

लायब्ररी एसएनआर मिळवत नव्हती. दुरुस्त केल्यावर लांबचे नोड उणे १२२-१२३ दाखवू लागले. १७ नंबर गायब होता त्या दिवशी १८ ची पॅकेटं ३४ व्या सेकंदाऐवजी ३२.४ ला येत होती आणि १७ स्वतः पुढे सरकलेला. टक्करच.

गोंगाट: पॉवर बँकेवर फरक नाही. डमी लोडवर उणे ११६. अँटेनाच्या पाइपावरच, वीतभर खाली, सीसीटीव्हीचा आयपी कॅमेरा आहे. तो पंपाच्या पॅनेलमधून घेतलाय, बॅकअप नाही, म्हणजे थ्री फेज आली की कॅमेरा चालू. वायर काढली की गोंगाट जागच्या जागी १८ डीबी खाली.

नोडच्या रीसेटची मोजणी अजून घातली नाही. पाच लांबच्या नोडांवर ३ मीटरचे पाइप चढवले. अँटेना म्हणून ८६८/९१५ असं लिहिलेला दांडा मिळतो तो घेऊ की दुसरं काही?

अर्धी_तरंगलांबी

कॅमेरा तिथेच राहू द्या, अँटेना हलवा. वीतभरावरून ४ मीटरवर नेला तर अंदाजे २५ डीबी सुटतात. अंतर दुप्पट, ६ डीबी. हा हिशोब इतक्या जवळ काटेकोर बसत नाही, पण दिशा कळते. कॅमेऱ्याच्या नेटवर्क केबलवर, कॅमेऱ्याच्या बाजूला, गोंगाट दाबणाऱ्या दोनतीन फेराइट क्लिप अडकवा. नवी केबल लांब होणार, म्हणून आरजी ५८ काढा. ती मीटरला अर्धा डीबी खाते, तुमचे ४ डीबी आत्ताही तिथेच जाताहेत. १४ मीटर एलएमआर ४०० या जाड केबलला पावणेदोन डीबीच्या आसपास लागतील.

८६८/९१५ दांड्यांचा भरवसा नाही, दोन्ही लिहिलेले बहुतेक मधेच कुठेतरी जुळलेले असतात. नॅनोव्हीएनएवर (अँटेना तपासायचं छोटं यंत्र) ८६५ ला एसडब्ल्यूआर (अँटेना किती जुळलाय त्याचं माप) २ च्या आत आला तरच घ्या. त्यापेक्षा घरी करा: एसएमए पॅनेल कनेक्टर, मधे दीड मिलिमीटर जाडीची तांब्याची तार उभी ८२ मिलिमीटर, कोपऱ्यांतून तेवढ्याच चार तारा ४५ अंशांत खाली वाकवलेल्या. उभी तार ८६ ची कापून व्हीएनए बघत अर्धा-अर्धा मिलिमीटर छाटत आणा. उभीच ठेवा, बागेतल्या तारा आडव्या असतात, उभ्या ध्रुवणाला त्या कमी नडतात. पाइपाच्या टोकाच्या वर असू द्या, शेजारी नको.

कनेक्टर घेताना मधली पिन बघा. आरपी-एसएमए आणि साधा एसएमए एकमेकांवर आटे घेऊन गच्च बसतात, पण मधे पिनला पिन लागत नाही. दिसायला सगळं ठीक, सिग्नल ३०-४० डीबी खाली.

कादवाकाठ

जोडांवर आधी सेल्फ अमाल्गमेटिंग टेप ताणून, त्यावर साधी काळी इन्सुलेशन टेप. नुसती काळी पुरत नाही. बागेत पाण्यापेक्षा फवारणी वाईट: बोर्डोतलं मोरचूद आणि वेगळं फवारलेलं गंधक कनेक्टरच्या फटीत बसतं, दव पडलं की तेच वाहक होतं आणि पितळ हिरवं पडतं. पानाच्या ओलाव्याचा सेन्सरही फवारणीनंतर साध्या पाण्याने पुसायचा, नाहीतर वाळल्यावरही 'ओला' दाखवतो.

पाइप गल्लीच्या बाजूला नको, ओळीतल्या डांबाला चिकटून, दोन क्लॅम्प. ब्लोअर वळतो ते ओळीचं टोक सोडून तीन डांब आत.

डीबीवाला

पाच नोड वर, दोन अजून खालीच आहेत ना? ते दोन आठवडाभर हलवू नका. एकाच बागेत, एकाच काळात, वरचे आणि खालचे नोड शेजारी-शेजारी मोजायला परत मिळणार नाहीत, एप्रिल छाटणीला पानं जातील. फक्त यादृच्छिक वेळ आणि अनुक्रमांकाचा कोड सातही नोडांवर एकाच दिवशी चढवा, नाहीतर उंचीचा परिणाम कुठला आणि टकरीचा कुठला ते वेगळं काढता येणार नाही.